झुंबरनानांची एकच प्रत

घरातून बाहेर पडताना माझे सासरे उंबऱ्यापाशी थांबतात, दोन्ही हात बाजूला पसरतात आणि कुणीतरी आपली झडती घ्यावी म्हणून क्षणभर वाट बघतात. मग त्यांच्या लक्षात येतं, की आपण रिटायर झालोय, समोर गेटवरचा शिपाई नसून सून उभी आहे आणि तिच्या हातात कचऱ्याची बादली आहे. हात खाली येतात आणि "येतो गं" म्हणून ते भाजीला निघून जातात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, हे दारात व्यायाम करतात.

नाशिक रोडला नुसतं प्रेस म्हटलं की नोटांचा छापखाना, हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही कळतं. नानांची उभी नोकरी तिथे तपासणीत गेली. छापलेला कागद समोर धरायचा, रेघ तुटलीय का, रंग सरकलाय का ते बघायचं आणि खोट दिसली की बाजूला काढायचा. नोकरी सुटली, पण डोळा सुटला नाही. मी पोळी वाढली की नाना ती आधी उजेडाकडे धरतात. "डावी कड जाड आलीय," एवढंच म्हणतात आणि मुकाट्याने खातात. भाजीवालीने सुटे परत दिले की प्रत्येक नोट उन्हात धरून उलटसुलट बघणार, मागे गिऱ्हाइकं खोळंबणार, आणि मग समाधानाने म्हणणार, "हां, आपलाच माल हाय."

त्यांचं नाव झुंबर. कॉलनीत झुंबरनाना, घरात नुसते नाना. माणूस निर्व्यसनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यांची दोन तत्त्वं अशी आहेत की त्यांच्यापुढे ब्रह्मदेवाचंही काही चालायचं नाही. पहिलं तत्त्व, कुठल्याही वस्तूची दुसरी प्रत असता कामा नये. एका नंबरचे दोन कागद निघाले तर त्यातला एक खोटा आणि तो बाळगणारा आत, हे त्यांच्या रक्तात भिनलंय. म्हणून आमच्या घराला किल्ली एकच. ती एकदा रिक्षात राहिली तेव्हा आम्ही सगळे जिन्यात बसून शेजाऱ्यांचा पिठलं-भात जेवलो, पण दुसरी किल्ली काही झाली नाही. झेरॉक्सच्या दुकानात चुकून एखादं पान जास्त निघालं तर नाना ते तिथेच फाडायला लावतात आणि तुकडे खिशात घालून घरी आणतात, न जाणो कुणी जोडले तर.

दुसरं तत्त्व पहिल्याच्याच पोटातून निघालेलं. रद्द झालेला माल घरात मुक्कामाला राहता कामा नये. त्याच दिवशी, दोन साक्षीदारांसमोर, नष्ट. साक्षीदार ठरलेले आहेत. एक समोरच्या फ्लॅटमधले भिकाभाऊ, नानांबरोबरच प्रेसमधून रिटायर झालेले. दुसऱ्या माझ्या सासूबाई. जुनं रेशनकार्ड, कुकरची चिरलेली रिंग, माझी तुटलेली सँडल, सगळं या दोघांच्या साक्षीने सद्गतीला गेलेलं आहे. सँडल शिवून आणता आली असती, असं मी म्हटलं होतं. पण माझं म्हणणं पंचनामा झाल्यावर आलं.

सासूबाईंचं नाव चांगुणा, मी त्यांना आई म्हणते, माहेर सिन्नरकडचं. नाना जेवढे कमी बोलतात तेवढं सगळं त्या भरून काढतात. त्यांच्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग झालं होतं, आणि त्या काळात त्या गावात ही अपूर्वाईची गोष्ट होती. जावई नोटा छापणाऱ्या प्रेसमधला, मग शूटिंग झालंच पाहिजे, असा आईंच्या वडिलांनी हट्ट धरलेला. कॅसेट बरीच वर्षं कपाटात होती. तिला बुरशी धरायला लागली तेव्हा नानांनी तिची सीडी करून आणली आणि कॅसेट रद्द केली, भिकाभाऊंसमोर. पुढे सीडी लॅपटॉपमध्ये उतरवली आणि सीडी रद्द केली, भिकाभाऊंसमोरच. अशा रीतीने माझ्या सासू-सासऱ्यांचं लग्न या पृथ्वीतलावर एकाच ठिकाणी शिल्लक राहिलं, ते म्हणजे नानांच्या लॅपटॉपच्या पोटात, 'लग्न' नावाच्या फोल्डरमध्ये.

मी कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करते. मी हात जोडून सांगितलं होतं, "नाना, बॅकअप घेऊन ठेवू या."

"बॅकअप म्हंजे डुप्लिकेटच ना?" नाना म्हणाले. "मग गोड नाव कशाला द्यायचं?"

त्या फिल्ममध्ये आईंचा जीव अडकलाय, आणि त्याला कारण आहे. त्यांच्या वडिलांचा भिंतीवर एक फोटो आहे, पण तो स्टुडिओवाल्याने आपल्या मनाने सजवलेला. चेहरा वडिलांचा आणि गळ्याखाली कोट-टाय. "हे माझे बाबा नाय, हे कोर्टातले कारकून हायेत," असं म्हणत आई रोज त्याला हार घालतात. खरे बाबा, फेटा बांधलेले, चालणारे, हसणारे, आचाऱ्यावर खेकसणारे, फक्त त्या फिल्ममध्ये. म्हणून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे एक रिवाज पडून गेलाय. सकाळी पितरांची घागर भरायची, दुपारी पुरणपोळी-आमरस, आईंचे धाकटे भाऊ लहानूमामा गावाहून आंबे घेऊन येतात, आणि जेवणं झाली की सगळ्यांनी लॅपटॉपसमोर बसून बाबांना भेटायचं. एरवी ती फिल्म कुणी उघडायची नाही. आखाजीलाच, आणि आईंसमोरच.

फिल्मचं दुसरं आकर्षण म्हणजे पाठवणी. नवरी मुलगी ठणठणीत उभी, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही, आणि शेजारी नवरदेव ढसाढसा रडतोय. मुंडावळ्या हलतायत, नाक लाल, खांद्यावरच्या शेल्याने डोळे पुसतोय, पुन्हा भरून येतायत. आई तिथे दरवर्षी फिल्म थांबवतात, बिल्डिंगमधल्या बायकांना हाका मारतात आणि पहिल्यापासून परत दाखवतात.

"मी सकाळपासून उपाशी," त्या बायकांना सांगतात, "मला रडायला जोर कुठला? ह्यांनी माझ्या वाटचं उरकून घेतलं."

"गुलाल गेलता डोळ्यात," नाना खिडकीबाहेर बघत म्हणतात.

"लग्नात गुलाल कुठनं आला? अक्षता व्हत्या."

"मग अक्षता गेली आसंल."

हा संवाद घरात इतक्यांदा झालाय की माझ्या नवऱ्याला, रोहितला, तो झोपेतही पाठ आहे. आणि झोप हीच त्याची घरातली मुख्य कामगिरी, कारण तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्ट ड्युटीला आहे. या गोष्टीत तो बहुतेक वेळ आतल्या खोलीत घोरतोय, असं समजावं.

तर गेल्या आखाजीला काय झालं, की बाबा अडकले. लॅपटॉप नानांच्या रिटायरमेंटच्या वेळचा. तो सुरू करायचा म्हणजे बटण दाबून आंघोळीला जायचं, पूजा करायची, मग येऊन बघायचं, तरी चाक फिरतंच. त्या दिवशी बाबा आचाऱ्यावर ओरडायला तोंड उघडतात तिथपर्यंत फिल्म आली आणि थांबली. तोंड उघडं, एक हात वर आणि नेमकं कपाळावर ते गोल गोल चाक. आम्ही वाट बघितली. आमरस संपला. लहानूमामा शेवटच्या बसपर्यंत थांबले आणि अडकलेल्या वडिलांना नमस्कार करून गेले.

आई तेव्हाच म्हणाल्या, "पुढच्या आखाजीला माझा बाप अडकला नाय पायजे. काय करायचं ते करा."

त्यात दिवाळीपासून पडद्यावर सूचना यायला लागली, की या जुन्या विंडोजची मुदत संपली, नवं घ्या. नानांनी ती सूचना उभं राहून वाचली. सरकारी परिपत्रकाइतका मान त्यांनी आजवर माझ्या एकाही सल्ल्याला दिला नव्हता. "मुदत संपलेली वस्तू वापरात ठेवता येत नाय," ते म्हणाले. "वेदिका, काय प्रोसिजर आसती?"

मी समजावून सांगितलं. आतली हार्ड डिस्क जुन्या धर्तीची आहे, तिच्यात चकती फिरते, ती थकलीय. तिच्या जागी नवी एसएसडी बसवू, तिच्यात फिरणारं काही नसतं. तिच्यावर नवं विंडोज घालू. मग काढलेली जुनी डिस्क एका यूएसबीच्या डबीत बसवून लॅपटॉपला लावू आणि तिच्यातलं सगळं नवीत घेऊ.

"कॉपी नाय," नाना म्हणाले. "कट-पेस्ट."

"बरं, कट-पेस्ट," मी म्हटलं. सासऱ्यांशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

आखाजीच्या आधीच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर, भिकाभाऊंच्या साक्षीने, आम्ही लॅपटॉप उलटा केला. नानांनी खाली धुतलेलं पांढरं धोतर अंथरलं, शेजारी भिंग ठेवलं, आणि निघेल तो स्क्रू आपल्या हाताने स्टीलच्या वाटीत टाकला. एक स्क्रू माझ्या हातून निसटला, तर तो सापडेपर्यंत कुणी खोलीबाहेर जायचं नाही असा हुकूम सुटला. दूधवाला आत अडकला. स्क्रू शेवटी भिकाभाऊंच्या चपलेला चिकटलेला मिळाला आणि भिकाभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदाच झडतीत काही सापडल्याबद्दल शरमेने मान खाली घातली.

पत्त्याच्या कॅटाएवढी ती नवी डिस्क खोक्यातून बाहेर काढली, तेव्हा आई देवघरातून ताट घेऊन आल्या. "थांब गं. नवी वस्तू हाय." मी हो-नाही करेपर्यंत डिस्कला हळद-कुंकू लागलं होतं, आणि तेही नेमकं लॅपटॉपला जोडायच्या सोनेरी दातांच्या कडेला. मी कान कोरायच्या काडीने कुंकू कोरून काढलं. अक्षता टाकण्याआधी मी डिस्क आत सरकवली, हे नशीब.

पेन ड्राइव्हवरून नवं विंडोज चढलं. लॅपटॉप बंद करून सुरू केला, आणि नाना आंघोळीला जायला वळताहेत तोवर पडदा उजळलासुद्धा.

"झालं?" नाना दचकले. "एवढ्यात? मग काहीतरी तपासायचं राहिलं आसंल." त्यांनी स्वतः बंद करून परत सुरू केला. परत बंद, परत सुरू. कामचुकार माणसाकडे बघावं तसं ते त्याच्याकडे बघत राहिले.

मी नानांचा ईमेल घातला, तशा इंटरनेटवरून त्यांच्या काही गोष्टी आपोआप उतरल्या. त्र्यंबकेश्वरला काढलेला पडद्यावरचा फोटो, मोबाइल नंबर, समोरच्या पानावरची फोल्डरची छोटी चित्रं. नाना खूश झाले. जड सामान मात्र सगळं जुन्या डिस्कवरच होतं, आणि तिच्यासाठी मागवलेली डबी अजून कुरियरवाल्याकडे फिरत होती. "डबी उद्या येईल," मी म्हटलं, "मग बाकीचं घेऊ. ही जुनी डिस्क कपाटात ठेवते. हात लावू नका." हे मी स्पष्ट, मोठ्याने आणि दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा नाना "बरं" म्हणाले.

सोमवारी मी अंबडला ऑफिसात गेले. पुढचं मला आई आणि भिकाभाऊ या दोन साक्षीदारांकडून कळलं.

दुपारी नानांनी लॅपटॉप उघडला. बघतात तर पडद्यावर सगळं जिथल्या तिथे. फोटो आहे, नंबर आहेत, आणि कोपऱ्यात 'लग्न' असं लिहिलेलं चित्रही आहे. म्हणजे माल आला. मी कट-पेस्ट कबूल केलं होतं, म्हणजे माल इकडे आला तर तिकडे उरला नाही. मग कपाटात आहे ते काय? एक तर रिकामं टरफल, नाहीतर, आणि इथे त्यांना घाम फुटला, डुप्लिकेट. दोन्ही प्रकारांत निकाल एकच. 'लग्न' त्यांनी उघडून पाहिलं नाही. पोळी उजेडाला धरल्याशिवाय न खाणाऱ्या माणसाने हे एवढं पाहिलं नाही, कारण ते आखाजीला आणि आईंसमोरच उघडायचं असतं.

भिकाभाऊ आपलं ड्रिल मशीन घेऊन आले. बाल्कनीत पाट ठेवला, पाटावर डिस्क.

"काय हाय हे?" आईंनी विचारलं.

"जुना पार्ट. रद्द झालाय," नाना म्हणाले.

"मंग करा लवकर, मला कुरडया वाळत घालायच्यात."

भिकाभाऊंनी डिस्कच्या आरपार भोकं पाडली. एक अधलंमधलं आणखी पाडलं, नमुना बरा दिसावा म्हणून. मग नानांनी वाचून दाखवलं, "सदर वस्तू आज रोजी साक्षीदारांसमक्ष कायमची निकामी करण्यात आली." आईंनी सही केली. प्रौढ वर्गात शिकल्यापासून त्यांना सही करायला फार आवडतं. चांगुणा झुंबर, खाली रेघ, रेघेखाली टिंब.

संध्याकाळी मी गेटमधून आत येत होते तर कुरियरवाला माझ्याच नावाने हाका मारत होता. डबी आली होती. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तो असा. वर आले, तर टीपॉयवर वर्तमानपत्रावर ती डिस्क, आणि भोकांमधून आजच्या बातम्या वाचता येत होत्या.

"नाना," मी म्हटलं. "हे काय केलंत?"

"प्रोसिजर," नाना म्हणाले.

"अहो, सगळं त्याच्यातच होतं!"

"नाय गं. इकडं आलंय ना. हे बघ, लग्न." त्यांनी मोठ्या विश्वासाने 'लग्न'वर बोट ठेवलं आणि क्लिक केलं. लॅपटॉपने क्षणाचाही वेळ न घेता सांगितलं, की ही वस्तू होती तिथे आता नाही. जुन्या मशीनला एवढं सांगायला आठवडा लागला असता, आणि तेवढा वेळ तरी आम्ही सुखात असतो.

मी समजावलं, की इंटरनेटवरून आली ती नुसती दारावरची पाटी. घर मागेच राहिलं होतं. नानांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी भिंग उचललं आणि डिस्कची भोकं एकेक करून तपासली. काम चोख झालेलं होतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी वाट बघत होते, की आता तोफ सुटणार, कॉलनी गोळा होणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "त्याच्यावर सही माझीच हाय ना?" आणि आत गेल्या. मला त्या क्षणी दोघांचा इतका राग आला आणि दोघांची इतकी कीव आली, की मी जाऊन झोपलेल्या रोहितला उगाचच उठवलं.

दुसऱ्या दिवशी मी डिस्क घेऊन कॉलेज रोडला गेले. पुसलेला डेटा परत काढून देणारं एक दुकान आहे तिथे. दुकानदाराने डिस्क उचलली आणि एका भोकातून माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, हे कुणी केलं?"

"प्रेसमधून रिटायर झालेल्या माणसाने."

"मग काही सोडलं नसणार," तो म्हणाला, आणि डिस्क आदराने परत दिली.

ते दिवस फार वाईट गेले. नाना पोळी उजेडाकडे धरेनात. वाढलेली पोळी तशीच, कड जाड की पातळ न बघता, खायचे. मी मुद्दाम एक पोळी नकाशासारखी लाटली, तरी चकार शब्द नाही. आई त्यांना वेळेवर चहा देत होत्या, औषध देत होत्या, पण बोलायच्या मात्र माझ्यामार्फत. भिकाभाऊंनी एकदा वातावरण हलकं करायला म्हणून म्हटलं, "वहिनी, झुंबरनं बेत करून पुरावा मिटवला बरं का."

"तेवढं डोकं आसतं तर काय पायजे व्हतं," आई म्हणाल्या. मग नानांकडे न बघता, पण नानांनाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आता म्हणा खुशाल गुलाल. आता कोण इचारनार हाय. आन माझ्या बापाला तर टाय घातलेलाच बघायचा आता." एवढ्या दिवसांत त्यांचा आवाज फुटला तो तेव्हा. नानांनी चहाची बशी खाली ठेवली आणि ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

आखाजी उजाडली. घागर भरली, वर खरबूज ठेवलं, पुरण शिजलं. लहानूमामा आंब्यांची पेटी घेऊन आले. त्यांना फोनवर सगळं कळलेलं होतं. जेवताना त्यांनी पाऊसपाणी, कांदा, गावची ग्रामपंचायत, सगळे विषय काढले, फक्त तो एक सोडून. जेवणं झाली, आणि मग सवयीने सगळे बाहेरच्या खोलीत येऊन त्याच जागांवर बसले. सवयीने मी लॅपटॉपही उघडला. तो लगेच सुरू झाला. दाखवायला काही नाही आणि उत्साह एवढा, माझं त्याला बडवायचं बाकी राहिलं.

"ऱ्हाऊ दे ताई," मामा आईंना म्हणाले. "आपल्या मनात हायेच की बाबा."

नाना उठले. मला वाटलं, नेहमीसारखे खिडकीशी जाणार. पण ते लॅपटॉपच्या शेजारी जाऊन उभे राहिले, शाळेत कविता म्हणायला उभं करतात तसे, हात खाली सोडून.

"पहिलं काळं," नाना म्हणाले. "मग एक बोट येतं. शूटिंगवाल्याचं. अंगठी हाय बोटात. बोट काढल्याव मांडव दिसतो. मांडवाची डावी बाजू खाली आलेली."

आईंनी हातातलं आंब्याचं साल ताटलीत ठेवलं.

"तोरणातलं तिसरं पान उलटं. मग गुलाबी हृदय येतं, असं फिरत." त्यांनी दोन्ही हातांनी हृदय करून ते फिरवून दाखवलं. नानांनी. मी रोहितकडे बघितलं, तो टक्क जागा होता. "हृदयात आम्ही दोघं. मी वाकडा दिसतो. हृदय फुटतं, मग बाबा येत्यात."

उभी हयात खोट शोधण्यात गेलेला तो डोळा. ती फिल्म त्याने दरवर्षी कागद तपासावा तशीच बघितली होती, आणि एकही खोट विसरली नव्हती. बाबांच्या फेट्याचा शेमला उजव्या कानावर सुटलेला. बाबा चालताना डावा पाय जरा बाहेर टाकतात. नानांनी तसं चालून दाखवलं. लहानूमामा ओरडलेच, "आस्संच! ताई, आस्संच चालायचे बाबा!" मग आचारी आला, कढईत पाणी जास्त झालं, बाबांचा हात वर गेला, तोंड उघडलं.

"हितं गेल्या साली अडकले व्हते," आई पुटपुटल्या.

"आता नाय अडकत," नाना म्हणाले, आणि त्या तोंडातून बाबांचा आवाज काढून आचाऱ्याला जी शिवी घातली, ती फिल्ममध्ये बँडच्या आवाजात आम्हाला कधीच ऐकू आली नव्हती. नाना तेव्हा तिथे जवळच बसलेले होते. आई हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या.

मग सप्तपदी झाली, एका फेऱ्याला आईंची जोडवी निसटली ती झाली, पंगत झाली. आणि नाना थांबले.

"पाठवणी," ते म्हणाले.

पुरावा पाटावर ठेवून भोकं पाडून झालेला होता. आता ते गुलाल म्हणाले असते तर गुलाल, अक्षता म्हणाले असते तर अक्षता. काहीच रडलो नाही म्हणाले असते तरी जगात त्यांना खोटं पाडणारं कुणी उरलं नव्हतं.

"चांगुणा कोरडी उभी," नाना म्हणाले. "डाव्या खांद्यावर पदर सरकलेला. शेजारी नवरदेव रडतोय. लय रडतोय. दोन वेळा शेल्यानं डोळं पुसतो. नाक पण पुसतो, ते तुम्ही कुणी बघितलं नाय."

"गुलाल गेला आसंल, दाजी," लहानूमामा माणुसकीने म्हणाले.

"गुलाल नव्हता."

आईंनी त्यांच्याकडे थेट बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "मंग काय व्हतं?"

"तू रडत नव्हतीस," नाना म्हणाले. "बाबा तुझ्या तोंडाकडं बघत व्हते. सारखे बघत व्हते. म्हटलं, पोरगी निघाली आन कुणीच रडलं नाय, तर म्हाताऱ्याला आज घरात झोप लागायची नाय. कुणीतरी रडाया पायजे. म्हणून मी सुरू केलं. मग थांबंनाच."

लहानूमामा भिंतीवरच्या कोट-टायकडे बघत होते.

"आवो," आई म्हणाल्या, "मंग इतकी वर्सं मी चारचौघीत तुमचं हसं करत आले, तवा तोंडाला काय कुलूप व्हतं?"

"तू हसत व्हतीस ना," नाना म्हणाले. "मी कशाला मधी बोलू?"

आईंनी पदर डोळ्यांना लावला आणि या वेळी त्या हसत नव्हत्या. मग त्यांनी नाक ओढलं, नीट मांडी घालून बसल्या आणि नानांना म्हणाल्या, "मागं घ्या. पाठवणी परत एकदा दाखवा."

नाना दोन पावलं मागे सरकले आणि त्यांनी पाठवणी पहिल्यापासून सुरू केली.